चौदाव्या ओळीतला खडक

१० जून २०२४, सोमवार

भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षं मोजणीदार होतो. दर महिन्याला कामाची दैनंदिनी साहेबांच्या टेबलावर ठेवावी लागे. अमुक गावी गेलो, तमुक गटाची हद्द दाखवली, पावसामुळे काम बंद. तिच्यात मनातलं लिहायची पद्धत नव्हती आणि ते बरं होतं. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी लिहितोच. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात.

मध्ये चार महिने खंड पडला, त्याची नोंद एकदाच करून ठेवतो. ९ फेब्रुवारीला सोलापूरहून नळदुर्गला परत येताना हायवेवर ट्रकनं मागून स्कूटरला उडवलं. मी बावीस दिवस सोलापूरला दवाखान्यात होतो. कंबरेत प्लेट आहे. मागं बसलेली गौरीची आई जागेवर गेली. तिचं सगळं दुसऱ्या दिवशी इथं नळदुर्गात गौरीशंकरनं, म्हणजे मुलानं, केलं. मी तेव्हा ऑपरेशनच्या टेबलावर होतो.

आता काठी घेऊन चालता येतं. आज नगरपालिकेचे तरुण इंजिनियर श्रीनाथ घरी आले होते. शहरात झाडं लावायला सरकारचं अनुदान आलंय. दोन एकर जागा हवी, ती गावाच्या हद्दीत हवी आणि लोकांची समिती हवी. एवढी मोकळी जागा आमच्या लिंगायत समाजाच्या रुद्रभूमीत, म्हणजे दफनभूमीतच, आहे. समाजाची मंडळी तयार आहेत, फक्त नकाशा काढायला माणूस पाहिजे. श्रीनाथ बराच वेळ चाचरत होते, रुद्रभूमी म्हणायच्या आधी दोनदा पाणी प्याले. मी लगेच हो म्हटलं. घरात बसून तरी काय करायचं. मला समितीचा सचिव केलं.

१४ जून, शुक्रवार

जागेवर गेलो. पूर्व-पश्चिम लांब, उतार ओढ्याकडे. निम्म्या जागेत वेडी बाभूळ माजलेली.

अडचण अशी की आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. वर्षभर माती बसू देतात आणि मग ऐपत असेल तो कट्टा बांधतो. बाकीच्यांच्या डोक्याशी चार दगड, बस. कोण कुठं आहे ते फक्त घरच्यांना माहीत. तेव्हा ठरवलं की घंटागाडीच्या भोंग्यावरून सांगायचं, आठ दिवसांत प्रत्येक घरानं येऊन आपापल्या माणसाच्या जागेभोवती चुन्याची फक्की मारावी. ती जागा मी नकाशावर घेणार आणि तिथं खड्डा पडणार नाही. सगळ्यांना पटलं.

गौरीचा पुण्याहून फोन आला होता. आपली जागा दाखवायला येऊ का म्हणाला. त्याला नव्या नोकरीत रजा मिळत नाही, म्हणून म्हटलं नको. मग त्यानं विचारलं, मामानं तुम्हाला दाखवली ना? मी हो म्हणालो. मामा मार्चमध्ये म्हणाला होता, चला दाखवतो. तेव्हा मला जिना उतरता येत नव्हता. नंतर विषय निघाला नाही.

२१ जून, शुक्रवार

आठ दिवस टेबल मांडून बसलो. चांगलं काम झालं. लोक घरातली वडीलधारी माणसं धरून धरून आणत होते. हरणाबाईंनी तीन जागा दाखवल्या, सासू, नवरा आणि दीर. दिराच्या जागेवरून शेजारच्या घराशी जुंपली, दोन्ही घरांचं म्हणणं की इथं आमचाच माणूस आहे. मी फीत काढली, कडुनिंबाच्या बुंध्यापासून मोजलं, दोन्हीकडच्यांना आठवेल तेवढं विचारलं आणि दोन हातांचं अंतर काढून दिलं. दोघं शेजारी शेजारी आहेत. हद्दीचं भांडण मिटवताना हात आपोआप चालतो. आठ दिवसांत तेवढा एक तास बरा गेला.

एकूण एकसष्ट जागा आल्या. संध्याकाळी नकाशा शाईनं पक्का करताना लक्षात आलं की आमच्या घरचं कोणी आलेलं आठवत नाही. मामा उमरग्याहून येऊन फक्की मारून गेला असेल, मी चहाला गेलो असेन. नावांची यादी हाताशी होती. पाहिली नाही. नकाशा पालिकेत देऊन आलो, तिथून तो मंजुरीला गेला.

२ जुलै, मंगळवार

मंजुरी आली. जेसीबीनं बाभळी काढल्या. नकाशाबाहेरचे मोकळे दगड गोळा करून कुंपणाच्या बुडाला लावले. जागा आता तळहातासारखी दिसते.

खड्डे हातानंच घ्यायचे, दीड फूट खोल, दोन मीटरवर एक, तीस ओळी, पंधराशे रोपं. अट अशी की फेब्रुवारीत तपासणी होईल. तेव्हा पंचाऐंशी टक्के रोपं जिवंत असली तरच दुसऱ्या वर्षाचं पाणी आणि राखणदार मिळेल. नाही मिळालं तर मे महिन्यात या मुरमाड जमिनीत एक काडी उरणार नाही. तेव्हा घोडामैदान जवळच आहे.

कामाला पंधरा बायका आहेत. त्यांची म्होरकी सिद्धम्मा, साठीची, कडक. तिचा नवरा गुंडाप्पा आमच्या समाजाच्या समाध्या खणतो. गेली तीस वर्षं या जमिनीतला प्रत्येक खड्डा त्याचा. आता खोकल्यानं बसलाय.

१६ जुलै, मंगळवार

खड्डे तपासले. एकोणतीस ओळी बरोबर. चौदाव्या ओळीत एकोणतिसावा खड्डा नाही. अठ्ठाविसाव्यानंतर चार मीटर मोकळी जागा आणि पुढं तिसावा. सिद्धम्माला विचारलं. म्हणाली, "तितं खडक हाय, साहेब. टिकाव बसत न्हाय."

शेजारचे दोन्ही खड्डे मऊ लागलेत. खडक काय दोन हातांचा असतो? तिला म्हटलं, पहार घ्या आणि फोडा.

कढईला हात लागून तळव्याला फोड आलाय. कधी लागला कळलं नाही. आज चहाचा कप धरताना दिसला.

१९ जुलै, शुक्रवार

खड्डा अजून नाही. चौतीस वर्षांत कुणी माझी फीत चुकवलेली मला चाललेली नाही, आणि इथं माझ्याच ओळीत भोक. आज जरा जास्त बोललो. म्हटलं, जमत नसेल तर दुसरी म्होरकी बघतो. सिद्धम्मा खाली मान घालून ऐकत होती. एरवी तोंडाची फटकळ बाई, उलट एक शब्द नाही. एवढंच म्हणाली, "एक झाड कमी लावा की. पंदराशेत एकानं काय हुतंय?"

एकानं होतं. असं एक-एक सोडलं की हिशेबाला धर राहत नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, हे मी नोकरीत पुष्कळ पाहिलंय.

२३ जुलै, मंगळवार

आज सकाळी स्वतः पहार घेऊन गेलो. काठी बाजूला ठेवली. डॉक्टरांनी वाकायचं नाही सांगितलंय, पण गुडघ्यावर बसून जमलं. खडक कसला, माती लोण्यासारखी. भोवतालच्या जमिनीपेक्षा भुसभुशीत, जणू कुणी नांगरून ठेवलीय. पंधरा मिनिटांत दीड फूट खड्डा झाला. सिद्धम्माला म्हटलं, दाखवा बरं खडक.

ती तोंडाला पदर लावून उभी होती. शरमली असावी. चप्पल काढून बाजूला ठेवलेली. मी हातात आलं ते करंजाचं रोप लावलं. मग ती पुढं आली, वाकून एक मूठ माती टाकली. तिच्यामागून दुसरी आली, मग तिसरी. पंधराच्या पंधरा बायकांनी हातातली कामं सोडून त्या एका रोपाला एक-एक मूठ माती घातली. कामात अशी एकी दाखवली असती तर आठवड्यापूर्वी खड्डे संपले असते.

जाताना सिद्धम्मा म्हणाली, "तुमच्या हातानं झालं, बेस झालं." मला यात टोमणा ऐकू आला. सोडून दिलं.

३ ऑगस्ट, शनिवार

लागवड पूर्ण. श्रीनाथनं पेढे आणले. पेढा खाल्ला, पेढ्यासारखा होता. मला आनंद व्हायला हवा होता, ते मी ओळखून होतो. लोक हसले तेव्हा हसलो.

शुभांगीनं, सुनेनं, पुण्यातून फोन करून इथं डबा लावून दिलाय. डबेवाली विचारते, अप्पा, आमटी तिखट झाली का? मला सांगता येत नाही. बरी आहे म्हणतो.

१७ सप्टेंबर, मंगळवार

मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं. भाषणात माझं नाव घेतलं. तिथून रुद्रभूमीत गेलो. गवत काढून झालंय, रोपं गुडघ्याएवढी आहेत.

चौदाव्या ओळीतलं करंज मात्र कंबरेला आलंय. कारण कळलं. सिद्धम्मा पाणी सुरू करायच्या आधी त्याला घरून आणलेला एक तांब्या घालते. बायकांनी बुडाशी दोन झेंडूही ठेवले होते. मी बोललो, सगळ्यांना सारखं पाणी द्यायचं, लाडकं-दोडकं करायचं नाही. ती म्हणाली, "नळाचं पानी न्हाय त्ये, साहेब, माझ्या घरचं हाय." झेंडू उचलून कुंपणाबाहेर टाकले. कुजकं काही राहिलं की वाळवी लागते.

५ नोव्हेंबर, मंगळवार

वाळवीनं आणि शेळ्यांनी मिळून दीडशेच्या वर रोपं खाल्ली. कुंपणाला काटे लावले.

आज गुंडाप्पा आला होता. आधी धाप लागली म्हणून बसला, तो नेमका चौदाव्या ओळीत. म्हटलं, रोपांत बसू नका. तो उठायचा प्रयत्न करत म्हणाला, "साहेब, अक्कांचं एक सांगायचं हुतं." अक्का म्हणजे गौरीची आई. वस्तीतल्या बायका तिला अक्का म्हणायच्या, त्यांचे रेशनकार्डाचे अर्ज ती भरून द्यायची. मी घाईत होतो, टँकर आला होता. म्हटलं, नंतर बोलू. त्याला खोकला आला आणि सिद्धम्मा घेऊन गेली.

टँकर अर्धाच भरलेला होता.

१२ डिसेंबर, गुरुवार

गुंडाप्पा गेला. ज्यानं सगळ्यांचे खड्डे खणले त्याचा खड्डा पोरांनी खणला, तिरका. स्वामींनी विभूती टाकली, बेल टाकला. मग एकेकानं पुढं होऊन मूठमूठ माती टाकली. पुरणं मी लहानपणापासून पाहत आलोय. पण आज त्या बायका एकामागून एक वाकायला लागल्या तेव्हा हे नुकतंच कुठंतरी पाहिल्यासारखं वाटलं. कुठं ते डोक्यात येऊ लागलं होतं. इतक्यात कुणीतरी मला पुढं व्हा म्हणालं. मी माती टाकली आणि घरी आलो.

कंबर दुखते. थंडीमुळे असेल.

११ जानेवारी २०२५, शनिवार

मोजणी केली. जिवंत बाराशे ब्याण्णव. पाहिजेत बाराशे पंचाहत्तर. तपासणी १८ फेब्रुवारीला आहे, तोवर सतरापेक्षा जास्त मरता कामा नयेत. सिद्धम्मा सुतकातून परत कामावर आली. तिला म्हटलं, अजून सुट्टी घ्या. म्हणाली, घरात बसून काय करू. मला हे वाक्य ओळखीचं वाटलं.

३० जानेवारी, गुरुवार

गौरीचा फोन. ९ तारखेला वर्ष होतंय, ८ला दोघं येतील. स्वामींना सांगितलंय. कट्ट्यासाठी काळा दगड घडवून ठेवलाय, गाडीतूनच आणतो म्हणाला. मग विचारलं, "अप्पा, जागा नीट सोडलीय ना? झाडं लई दाट वाटतात फोटोत."

मी म्हटलं, नकाशात सगळ्या जागा सोडल्यात. तो म्हणाला, तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

आले. शुभांगीनं आल्या आल्या घर झाडायला घेतलं. गौरीनं तो दगड पोत्यात गुंडाळून ओसरीवर ठेवला. त्याच्यावर नाव कोरलंय. मी पोतं सोडलं नाही.

दुपारी कपाटातून जूनची यादी काढली. एकसष्ट नावं. वरून खाली वाचली, मग खालून वर. आमचं नाव नाही. यादी घडी करून ठेवली. मामाला फोन लावावा असं वाटलं. पण तो उद्या येणारच आहे, त्याला माहीत असेल. गौरीला सांगायला दोनदा त्याच्या खोलीपर्यंत गेलो. तो आईचा फोटो पुसत होता. परत आलो.

९ फेब्रुवारी, रविवार

झालं ते क्रमानं लिहितो.

सकाळी आठला पोचलो. स्वामी, मामा, गौरी, शुभांगी, समाजाची दहा-बारा माणसं. पाणी द्यायला आलेल्या बायका कडेला थांबल्या. आमच्याकडं वर्षाच्या दिवशी घरचा कर्ता पुढं चालतो, पहिलं पाणी तोच घालतो. स्वामी म्हणाले, "चला अप्पा." सगळे बाजूला झाले. मला वाट करून दिली.

मी उभा राहिलो. समोर तीस ओळी. प्रत्येक ओळीचा नंबर मला पाठ, कुठल्या ओळीत किती मेली ते पाठ. पाऊल कुठल्या दिशेला टाकायचं ते माहीत नाही. गौरीला वाटलं कंबर धरली. त्यानं दंडाला धरलं आणि हळू म्हणाला, "कुठं, अप्पा?" मी मामाकडं पाहिलं. मामा इकडं-तिकडं बघत होता. म्हणाला, मोठ्या बाभळीच्या बुडाला होती, डोक्याशी चार दगड ठेवले होते, आता तर इथं काहीच उरलं नाही. गौरीलाही काही ओळखू येईना. तो मग माझ्याकडं बघायला लागला.

सिद्धम्मा कडेनं निघाली. कुणाशी न बोलता चालत गेली, चौदाव्या ओळीत वळली आणि करंजापाशी चप्पल काढून उभी राहिली.

"हितं हायत अक्का," म्हणाली. "माझ्या मालकानं खणलेली जागा. मला बी मदतीला घेतलं हुतं."

गौरीनं विचारलं, हे झाड कुणी लावलं? मी म्हणालो, मी.

त्याचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. सिद्धम्माच म्हणाली, "साहेब, म्या सांगाय पायजे हुतं. पर नकाशा तुमीच काडलेला. तुमाला ठाव न्हाय असं कसं मनात आनावं? वाटलं, मुद्दाम सोडलं, बगवंना म्हनून. खडक म्हनलं, दुसरं काय सुचलंच न्हाय. मग तुमीच पहार घिऊन आला, गुडघ्यावर बसला, तवा वाटलं, कळलं असंल तुमाला."

पाणी गौरीनं घातलं. स्वामींनी विचारलं, झाड काढून कट्टा करायचा का? गौरी म्हणाला, अप्पांना विचारा. मी काठी टेकत बाजूला झालो. विधी तेवढ्यावरच आटोपला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

गौरी परवाच गेला. जाताना पाया पडला, बोलला नाही. शुभांगीनं रिक्षात बसता बसता सांगितलं की त्यांना थोडा वेळ द्या. दगड ओसरीवर पोत्यात आहे.

सरकारी दैनंदिनीत चुकीची कबुली लाल शाईनं द्यायची असते. माझ्याकडं लाल पेन नाही, निळ्यानंच लिहितो. मला माहीत होतं. २१ जूनला यादी हातात होती तेव्हाच माहीत होतं. यादी पाहिली असती तर कुणाला तरी विचारावं लागलं असतं, कुठं आहे. त्यानं दाखवलं असतं आणि मला तिथं जाऊन उभं राहावं लागलं असतं. नकाशात ती नव्हती तोवर माझ्यासाठी ती गेली नव्हती, नुसती घरात नव्हती. तालुक्याच्या हद्दी दाखवणारा मी, आणि बायकोच्या डोक्यावर पहार चालवली. याची लाज वाटते. वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी वाटतंय, तर ते हे.

पालिकेत जाऊन श्रीनाथला सांगितलं, नकाशात एक जागा राहिली. नवीन नकाशा काढून दिला. बासष्ट जागा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

तपासणी झाली. राजेश्वरी मॅडम म्हणून तरुण अधिकारी होत्या. टॅब घेऊन ओळी-ओळीनं फिरल्या, प्रत्येक जिवंत झाडाचा फोटो. चौदाव्या ओळीत आल्यावर मी म्हटलं, हे एकोणतिसावं धरू नका. त्या म्हणाल्या, काका, सगळ्यात तेच झाड जोमदार आहे. मी म्हटलं, खाली माझी बायको आहे. शिवगंगा.

हे नाव वर्षभरात मी तोंडानं उच्चारलं नव्हतं. माझाच आवाज मला परका लागला. मॅडमनी टॅब खाली घेतला, वाकून नमस्कार केला आणि पुढच्या झाडाकडं गेल्या. ते सोडून बाराशे ऐंशी भरली. काम पास झालं. श्रीनाथनं माझा हात हातात घेतला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या वर्षाचं पाणी आलं. वन जगेल.

सगळे गेल्यावर मी मागं राहिलो. दुपारचे दोन वाजले असतील. सिद्धम्मा कुंपणापाशी भाकरी खात होती, तिनं मला पाहून पाठ केली. मी चप्पल काढून करंजापाशी बसलो आणि गौरीला फोन लावला. वाटलं होतं उचलणार नाही. उचलला.

झाड ठेवू की काढू, हे विचारायला लावला होता. तोंडातून दुसरंच निघालं. म्हटलं, "तिला कसं नेलं ते मला सांग. मी नव्हतो."

पुढं म्हटलं, वर्ष झालं, मी एकदाही विचारलं नाही, आता सांग. मग तो सांगायला लागला. हिरवं इरकल नेसवलं होतं. जखम डोक्याच्या मागं होती, चेहऱ्याला काही नव्हतं, झोपल्यासारखा होता. विमानात बसवून नेली, म्हणजे आमची ती सजवलेली डोली, हायवेच्या कडेनं, ढाब्यावरचे ट्रकवाले उतरून उभे राहिले होते. तिचा लिंगाचा करडा, म्हणजे इष्टलिंगाची गळ्यातली डबी, शुभांगीला सापडेना, तो माझ्या शर्टाच्या खिशात निघाला, दवाखान्यात. अपघातात गळ्यातला तुटला तेव्हा मीच उचलून ठेवला असणार. मला आठवत नाही. मामा सोलापूरला येऊन तो घेऊन गेला, तोवर सगळे थांबले होते.

"आणि एक," गौरी म्हणाला. "स्वामी म्हणत होते तोंड उत्तरेला करा. म्या ऐकलं न्हाय. पश्चिमेला केलं. सोलापूरकडं. तुमी तिकडं हुता ना, अप्पा."

पुण्याला गेल्यापासून तो असं बोलत नाही. तो रडत होता आणि मीही. सिद्धम्माला ऐकू जात असेल, जाऊ दे. फोन कधी बंद झाला ते कळलं नाही.

मी बसलो होतो ती पूर्वेची बाजू, तिच्या पाठीमागची. काठीवर जोर देऊन उठलो, झाडाला वळसा घालून पश्चिमेला गेलो, आणि तिच्यासमोर बसलो.